अक्षर लागत नाही

४ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं जानेवारीतलं पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, शाईत पाय बुडवून चिमणी कागदावरून चालत गेल्यासारखं. अर्थात भाषणं ठोकणाऱ्या बाईला अक्षराची काय गरज? घसा शाबूत असला की झालं.

तुझी वहिनी लेकीकडे बाळंतपणाला गेली आहे. महिनाभर तरी येत नाही. स्वयंपाक मी करतो. जे शिजतं ते खातो, जे करपतं तेही खातो. मेहुणेबुवा कसे आहेत? मागे ते इथे आले होते तेव्हा अर्धा तास बोलले आणि मला दुपारी जी झोप लागली ती दिवेलागणीपर्यंत. चालती-बोलती जांभई आहे तो गृहस्थ. पण तुझ्या तोफखान्याशेजारी असाच माणूस टिकला असता, हेही खरं.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात आमच्या रंगखात्यात अपघात झाला. कापड रंगवायच्या टाक्या वाफेवर तापतात, हे तुला ठाऊक आहे. झाकण उचलायच्या आधी वाफेचा वॉल्व्ह बंद करावा लागतो. नाही केला, तर वाफ थेट अंगावर येते. एका नव्या माणसाने वॉल्व्हला हात न लावता झाकण उचललं. कामाला लागून आठवडाही झाला नव्हता त्याला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. उंच आहे म्हणून चेहरा वाचला. पूर्वी बेकरीत भट्टीवर होता, त्यामुळे सगळे त्याला बेकरीवाला म्हणतात. चाळिशी ओलांडलेला आहे, पोरगा नव्हे.

टाकीच्या वर, अगदी त्याच्या नाकासमोर, माझ्या हातची पाटी आहे. ‘झाकण उचलण्यापूर्वी वाफेचा वॉल्व्ह बंद करा. अन्यथा वाफ अंगावर येईल.’ कारखान्यातल्या सगळ्याच पाट्या माझ्या हातच्या. मॅनेजर म्हणाले, पाटी होती हे फार बरं झालं. चौकशी बसणार आहे आणि त्यांना माझी साक्ष हवी आहे. पाटी मी लिहिली, अपघाताच्या आधीपासून ती तिथे होती आणि ती स्वच्छ वाचता येते, एवढं मी सांगायचं. मी तसं सांगितलं की चूक त्या माणसाची ठरणार आणि त्याला घरी बसवणार.

माझा निर्णय होत नाही. आहे ते सांगायला काय हरकत, असं एक मन म्हणतं. दुसरं काय म्हणतं ते मला नीट ऐकू येत नाही. तू असल्या भानगडींत जन्म घालवला आहेस. साक्ष देऊ की नको, एवढं उलट टपाली कळव. फोन करू नकोस. फोन मॅनेजरांच्या टेबलावर असतो.

दादा

१४ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं आणि घर उजळलं! यांनी ते आधी खिडकीशी नेलं, उजेडात धरलं, चष्मा पुसून परत धरलं आणि म्हणाले, “याला म्हणतात हात.” शेजारचा औषधवाला उसनी शिडी परत करायला आला होता, त्यालाही बसवून दाखवलं. काय ते वळण, काय त्या वेलांट्या! यांची तू इतक्या आपुलकीने चौकशी केलीस म्हणून हे दिवसभर खुशीत होते. भिंतीवर लावायला फ्रेम करून आणतो म्हणाले.

मॅनेजरांनी तुझ्या पाट्यांची दखल घेतली हे वाचून फार बरं वाटलं. उशिरा का होईना, डोळे उघडले म्हणायचे. तू संकोच करत असशील, मी तुला ओळखते. करू नकोस! पुढे हो, उभा राहा, चार लोकांसमोर ताठ मानेने सांग की हे काम माझं आहे. आयुष्यभर मान खाली घालून लिहीत राहिलास. ज्यांनी तुझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही ते आज तुला बोलवत आहेत, तर मागे कशाला सरायचं?

इकडे छापखान्यातल्या बायकांचा संप मिटला. बारा सभा झाल्या, माझा आवाज फाटक्या भोंग्यासारखा झालाय. हे म्हणतात, घरात इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच.

वहिनीला म्हणावं, दादाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देऊ नकोस. सगळं जाळून ठेवेल.

धाकटी

२३ फेब्रुवारी

धाकटे,

तुझा सल्ला मिळाला. मी तो दोनदा वाचला, कारण तो तुझा वाटेना. मला वाटलं होतं तू मला दोन शिव्या घालशील आणि त्या माणसाचं नाव-गाव विचारशील. तू लिहिलंस, पुढे हो. बरं. मी कालच मॅनेजरांना होकार दिला. २ एप्रिलला चौकशी आहे.

तुझ्यात बदल झालाय हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. गेल्या वर्षी माझं पोटाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा जमलं तर ये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुझं उत्तर आलं, ‘मनसोक्त हिंडून ये, फोटो काढ.’ ते मी दवाखान्यातल्या खाटेवर वाचलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने विचारलं, घरून काय म्हणतात? मी म्हटलं, फोटो काढ म्हणतात. तो टाके सांभाळून हसला. तेव्हापासून मी ठरवलं की सभांमधल्या बाईकडून फार अपेक्षा ठेवायची नाही. तरी या वेळी ठेवली.

एक गोष्ट सांगतो आणि विषय संपवतो. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याची बायको त्याचा डबा आणि चपला न्यायला आली होती. टाकीजवळ जाऊन ती पाटीसमोर उभी राहिली. बराच वेळ. मी शेजारी गेलो आणि विचारलं, “काय बघता?” ती दचकली. म्हणाली, “छान आहे.” डबा घेऊन गेली. नवऱ्याचे हात भाजलेत आणि ही बाई ‘छान आहे’ म्हणते, याचं मला नवल वाटलं. अजून वाटतं.

दादा

७ मार्च

दादा,

हे पत्र टाईप करून पाठवते आहे, म्हणजे तू लहानपणापासून म्हणतोस ते चिमणीचे पाय आडवे येणार नाहीत.

तुमच्या गावच्या कामगार संघटनेने आमच्याकडे कागद पाठवले. रंगखात्यातला अपघात, बेकरीत काम केलेला माणूस, हात भाजलेले. कारखान्याचं म्हणणं: ‘सूचना सुंदर व सुवाच्य अक्षरात लावलेली होती, लेखक तशी साक्ष देणार आहेत.’ या विषयावर सभेत बोलायला मलाच सांगितलंय. मी मुद्दे काढायला बसले आणि तिसऱ्या मुद्द्याशी थांबले. कारखाना तुझा. लेखक तू.

मग मी तुझी दोन्ही पत्रं काढली. यांनी भिंग आणलं. औषधवाल्याला बोलावलं. डॉक्टरांची अक्षरं वाचूनच त्याचं पोट चालतं. त्याने पाव तास बघितलं आणि म्हणाला, “ताई, अक्षर म्हणजे दागिना आहे. पण यावर मी औषध देणार नाही.”

दादा, तुझं अक्षर मला लागत नाही. कधीच लागलं नाही. इतकी वर्षं मी तुझ्या पत्रातले पाच-सहा शब्द ओळखते, बाकीचं अंदाजाने भरते आणि उत्तर टाकते. पहिल्या पत्रात घरच्या दोन-तीन शब्दांपलीकडे ‘मॅनेजर’ आणि ‘पाटी’ एवढंच लागलं. मला वाटलं तुझा सत्कार आहे! मी तुला व्यासपीठावर चढायला सांगितलं. साक्षीला उभं राहायला नाही!

तू विचारशील, मग बोलली का नाहीस. घर आठव. माझी वही बाबांच्या हातात पडली की ते तुझी वही शेजारी ठेवायचे आणि म्हणायचे, “हे बघ आणि हे बघ.” पाहुण्यांना तुझं अक्षर दाखवायचे, माझं लपवायचे. ज्या मुलीचं अक्षर गिचमिड, तिने सुंदर अक्षराला नाव ठेवलं तर लोक काय म्हणतील? जळते, म्हणतील. म्हणून मीही वा म्हणायला शिकले. एकदा वा म्हटलं की पुढे वाचता येत नाही असं म्हणायची सोय उरत नाही.

पण आता गप्प बसणार नाही. अक्षर कोणासाठी असतं? लिहिणाऱ्याला मजकूर आधीच माहीत असतो, त्याला अक्षराची गरजच नसते. अक्षर असतं वाचणाऱ्यासाठी! ज्याला वाचता येत नाही त्याला आपण अडाणी म्हणतो आणि ज्याचं लिहिलेलं कोणालाच वाचता येत नाही त्याला कलावंत म्हणतो. हा कुठला न्याय?

साक्ष देऊ नकोस. दिलीस तर खरं सांग. त्या माणसाची भाकरी तुझ्या वेलांट्यांवर टांगली आहे.

तुझं दुसरं पत्रही लागलेलं नाही. त्यात ‘दवाखाना’ असा शब्द आहे का? कोण आजारी आहे? पुढचं पत्र सुटं सुटं लिही, पाया पडते.

धाकटी

१५ मार्च

धाकटे,

हे पत्र मी मुद्दाम माझ्या नेहमीच्या अक्षरात लिहितो आहे. ज्याला वाचायचं आहे तो वाचेल.

माझ्या अक्षराबद्दल आजवर कोणाची तक्रार आलेली नाही. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक माणसाचं मानपत्र मी लिहिलं. गावातल्या निम्म्या लग्नांची पाकिटं मी लिहिली. ती सगळी पोचली. आता तू म्हणशील, पोस्टमन घरं ओळखतो. म्हण. मालक मागे परदेशातल्या पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा यंत्रांच्या आधी त्यांनी माझ्या पाट्या दाखवल्या. पाहुण्यांना आपली लिपीही येत नव्हती, तरी त्यांनी फोटो काढले.

रंगखात्यातली पाटी सगळे वाचतात. मॅनेजर वाचतात. मुकादम तर असा तरबेज झाला आहे की पाटीकडे पाठ करून उभा असला तरी घडाघड वाचून दाखवतो. आणि तुमचा बेकरीवाला काय म्हणाला ठाऊक आहे? प्राथमिक जबाबात त्याला विचारलं, वाचता येतं का? म्हणाला, येतं. पाटी तिथे होती का? होती. मग? म्हणाला, माझीच चूक. त्याची तक्रार नाही, माझी नाही, मॅनेजरांची नाही. तक्रार फक्त तुझी. आणि ती का, ते तूच लिहिलं आहेस. बाबा दोन वह्या शेजारी ठेवायचे.

हातातली गोष्ट गेली की माणसाकडे काय उरतं, याचा तू सभांमध्ये बेकरीवाल्यापुरता विचार करतेस. मी या कारखान्यात सत्तावीस वर्षं साधा कारकून आहे. माझ्या हाताखाली कोणी नाही. माझ्याबद्दल लोकांना एकच गोष्ट ठाऊक आहे. तू म्हणतेस, उभा राहा आणि तीच खोटी होती असं सांग.

आजारी कोणी नाही.

दादा

२५ मार्च

दादा,

तुझं पत्र शनिवारी दुपारी उघडलं आणि रविवारी संध्याकाळी संपलं. यांनी, औषधवाल्याने आणि मी मिळून. औषधवाल्याने तुझ्या अक्षरांचा तक्ताच केला, कुठली शेपटी कशाची ते लिहून. तक्ता जमला तशी जुनी पत्रंही काढली. निम्मं-अधिक लागलं.

तेव्हा दोन गोष्टी कळल्या. पहिली, तुझं ऑपरेशन. तू ये म्हणालास आणि मी फोटो काढ म्हणाले. यावर मी काय लिहू? टाके नीट भरले ना, एवढं तरी कळव.

दुसरी, चालती-बोलती जांभई. हे त्यांनी स्वतःच वाचलं, मोठ्याने, एकेक अक्षर जुळवत. शेवटचं अक्षर लागलं आणि यांनी भिंग खाली ठेवलं. औषधवाला म्हणाला, “मी येतो, दुकान उघडं आहे.” जी पत्रं यांनी उजेडात धरून मिरवली त्यांत तू यांना आणखी काय काय म्हटलं आहेस, ते आता हे रोज संध्याकाळी शोधत बसतात. परवा ‘भिजलेली चटई’ सापडली. यांनी तुला सांगायला सांगितलंय की पुढच्या वेळी ते तुझ्याकडे आठवडाभर राहायला येणार आहेत, बोलायला.

आता मुकादमाचं. दादा, तू स्वतःच्या हाताने लिहिलंस आणि तुला दिसलं नाही? पाटीकडे पाठ करून जो घडाघड म्हणतो तो वाचत नाही, पाठ म्हणतो! तुमच्याकडे प्रत्येकाला ती सूचना कोणीतरी तोंडाने सांगितली असणार, पाटी फक्त त्या आठवणीवर टांगलेली आहे. त्या माणसाला कोणी सांगायचं विसरलं. त्याला एकट्याला ती खरोखर वाचावी लागली.

माझी तुला एकच विनंती आहे. मला खोटी ठरव. त्याच्या घरी जा आणि विचार. ‘वाचता येतं का’ हे नको, ते त्यांनी विचारून झालं. ‘ही पाटी वाचली होती का’ असं विचार. तो हो म्हणाला तर तू खुशाल साक्ष दे. मी सभेत तुझं नाव घेणार नाही आणि तुझ्या अक्षराबद्दल जन्मात पुन्हा बोलणार नाही.

बाबांनी वह्या शेजारी ठेवल्या. आपण दोघांनी त्या अजून उचलल्या नाहीत, हे तू म्हणतोस ते खरं आहे. मी जळत होते. पण म्हणून पाटी वाचता येत नव्हती ती येऊ लागत नाही.

धाकटी

११ एप्रिल

धाकटे,

हे पत्र सुटं लिहितो आहे. शेपट्या काढल्या आहेत. एक ओळ लिहायला पूर्वीच्या चार ओळींचा वेळ लागतो, म्हणून वाक्यं आखूड आहेत. टाके नीट भरले.

तुझं पत्र आलं त्यानंतरच्या रविवारी मी बेकरीवाल्याकडे गेलो. तुला खोटी ठरवायलाच गेलो. सायकलच्या दुकानावर त्याची एक खोली आहे. तो जमिनीवर बसला होता. समोर वर्तमानपत्र पसरलं होतं. हातांना पट्ट्या आहेत, म्हणून पान कोपराने उलटत होता. त्याची बायको म्हणाली, “हे जाहिरातीसुद्धा सोडत नाहीत.” मी कोण ते सांगितल्यावर तो उठायला लागला. मी बसवलं.

मी विचारलं, “पाटी वाचली होती का?”

तो म्हणाला, “दिसली होती.”

“वाचली होती का?”

त्याने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “सांगा की आता.”

तो म्हणाला, “पहिल्या दिवशी उभा राहिलो तिच्यासमोर. नाही लागली. दुसऱ्या दिवशी परत उभा राहिलो. तेवढ्यात मुकादम मागून आले. म्हणाले, ‘काय अक्षर आहे, नाही?’ मी म्हटलं, हो. मग त्यांना कसं विचारणार, काय लिहिलंय म्हणून? सगळे ज्याला वा म्हणतात ते मला लागत नाही, म्हणजे माझंच शिक्षण कमी. साहेब, तुमच्या अक्षराला मी नाव ठेवत नाही. माफ करा.”

हात भाजलेला माणूस माझ्या अक्षराची माफी मागत होता. त्याच्या बायकोने चहा केला. त्याचा कप तिने धरला, माझा मी धरला.

घरी येताना मी तिचं ‘छान आहे’ आठवलं. तिलाही लागली नव्हती. नवऱ्याने काय वाचलं नाही ते बघायला ती आली होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, मग दुसरं काय बोलणार बिचारी.

सोमवारी मी जुन्या गोदामात गेलो. बंद झालेल्या खात्यांच्या पाट्या तिथे एकावर एक रचल्या आहेत. धूळ पुसून एक काढली. माझ्याच हातची होती, पण मजकूर आठवेना. मनात म्हटलं, आठवत नाही हेच बरं, आता वाचू. दुपारची सुटी संपेपर्यंत मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो होतो. पहिला शब्द ‘सर्व’ किंवा ‘कृपया’ असावा. पुढे काहीही लागलं नाही. सुंदर मात्र होती. त्याबद्दल मला आजही शंका नाही.

चौकशीच्या दिवशी ती पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. मॅनेजरांना वाटलं, नमुना आणला आहे. खूश झाले. चौकशी अधिकारी वयस्कर होते, थकलेले. त्यांनी मला विचारलं, रंगखात्यातली पाटी तुम्ही लिहिली? मी हो म्हटलं. स्वच्छ वाचता येते? मी कागद सोडला आणि जुनी पाटी टेबलावर ठेवली.

अधिकारी म्हणाले, “वा! हात आहे बुवा तुमच्यात.”

मी म्हटलं, “साहेब, वाचता का?”

त्यांनी चष्मा लावला. “कृपया येथे,” म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, “बसू नये?”

मॅनेजर पुढे वाकले. “बसू नाही साहेब. ‘माल ठेवू नये’ आहे ते.”

मुकादम मागून म्हणाला, “ती धुलाईखात्यातली आहे. तिथे पाण्याचं काहीतरी होतं. ‘पाणी जपून वापरा.’”

अधिकाऱ्यांनी पाटी माझ्याकडे फिरवली. “तुम्हीच वाचा. तुमचंच अक्षर आहे.”

मी म्हटलं, “मला लागत नाही.”

कोपऱ्यात टाईप करणारी बाई थांबली. तिने विचारलं, “साहेब, हे घेऊ का?” अधिकारी म्हणाले, “घ्या.” तिने ते टाईप केलं.

मॅनेजर म्हणाले, या पाटीचं सोडा, रंगखात्यातली तर आम्ही सगळे वाचतो. मी म्हटलं, आपण पाठ म्हणतो, वाचायची पाळी फक्त नव्या माणसावर येते. हे वाक्य तुझं आहे. तुझं नाव सांगितलं नाही. बेकरीवाला बाकावर बसला होता. तो एकदाच बोलला. म्हणाला, “म्हणजे तुम्हालापण लागत नाही?” हे त्याने आनंदाने विचारलं की रागाने, ते मला कळलं नाही. दोन्ही असेल.

निकाल गेल्या आठवड्यात आला. त्या माणसाची चूक नाही, सूचना वाचण्याजोगी नव्हती, असं लिहिलं आहे. तो परत कामावर आला. हात पूर्ण बरे होईपर्यंत त्याला हलकं काम दिलं आहे. तुझ्या सभेत हे सांगायला हरकत नाही. माझ्याबद्दल सांगायचं तर टेबल मॅनेजरांच्या खोलीबाहेरून फाटकाजवळच्या खिडकीत हललं आहे. पगार तोच आहे. मानपत्रं आता छापून घेणार म्हणतात. मुकादम भेटला की दुसरीकडे बघतो. मी तक्रार करत नाही, तू विचारशील म्हणून लिहिलं.

सगळ्या पाट्या उतरवल्या. नव्या पाट्या पेंटरकडून करून घेणार होते. मी म्हटलं, मी लिहितो. मॅनेजर फाईल उघडून वाचायला लागले. तो होकार समजून मी लिहायला घेतल्या. हात जुन्या वळणावर जातो. ओळ अर्धी झाली की शेपटी आपोआप वर उठते. मग ती पुसायची. तुझ्या चिमणीची मला अलीकडे आठवण येते. तिचं प्रत्येक पाऊल सुटं असतं.

दुपारी बेकरीवाला खिडकीशी येतो. मी कागद धरतो, तो मोठ्याने वाचतो. तो अडखळला की मी तो शब्द परत लिहितो. त्याला सांगून ठेवलं आहे की अंदाज करायचा नाही, लागलं नाही तर लागलं नाही म्हणायचं. पहिले दोन दिवस त्याला ते म्हणवेना. आता जरा जास्तच म्हणतो. काल म्हणाला, “साहेब, हे तर कुत्रंपण वाचणार नाही.” मी परत लिहिलं.

मेहुण्यांना सांग, खुशाल या. जांभईबद्दल मी माफी मागणार नाही, कारण ते खरं आहे. पण चटई मी मागे घेतो. आणि तू ये. हे ‘ये’ सुटं लिहिलं आहे. भिंग लागणार नाही.

रंगखात्यातली पाटी परवा लावली. काळ्यावर पांढरी, ठोकळ्यांसारखी अक्षरं. अगदी कुरूप आहे. काल त्या खात्यात एक नवा माणूस आला. त्याला कोणी काही सांगू नका, असं मी मुकादमाला सांगितलं आणि वॉल्व्हपासून हातभर अंतरावर जाऊन उभा राहिलो, वेळ आली तर फिरवायला. माणूस आला. पाटीसमोर थांबला. ओठ हलले. मग त्याने वॉल्व्ह फिरवला, पक्का बंद झाला का ते बघितलं आणि झाकण उचललं. वाफ आली नाही.

मी जरा वेळ तिथेच थांबलो. सवयीने, ‘वा’ ऐकायला. तो कापड ढवळायला लागला. पाटीबद्दल तो एक अक्षरही बोलला नाही.

दादा